‘हार्ट फेल’ म्हणजे माणूस गेला का? हृदय कमजोर झालेल्यांच्या घरून नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एकवीस वर्षांपासून सिस्टर आहे. ओपीडीबाहेरच्या बाकावर, वॉर्डात, कधी एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून मला हेच प्रश्न फिरून फिरून ऐकू येतात. त्यांतले काही तर माझ्याच घरातले आहेत. माझ्या बाबांना हा आजार होता, आणि घरात सिस्टर असूनही तो ओळखायला आम्हाला पाच महिने लागले. ते पाच महिने दुसऱ्या कोणाचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. गोळ्या कोणत्या आणि किती हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

“डॉक्टर म्हणतात हार्ट फेल्युअर आहे. पण आमचा माणूस तर बसून चहा पिऊन राहिला!”

या आजाराचं नावच घात करतं. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. पेपरातल्या निधनवार्तेतही ‘हृदयक्रिया बंद पडून’ असंच छापलेलं असतं. म्हणून डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला की घरच्यांचे हातपाय गळतात, नाहीतर ‘डॉक्टर काहीही सांगते’ म्हणून ते उठून जातात. दोन्हीत नुकसान रुग्णाचंच.

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडलेलं नसतं, कमजोर पडलेलं असतं. विहिरीवरच्या मोटरीला व्होल्टेज कमी मिळालं की काय होतं ते आठवा. मोटर चालू असते, आवाजही येतो, पण वावराच्या टोकापर्यंत पाणी चढत नाही. निरोगी हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं आणि दिवसाला लाखभर ठोके देतं. त्याचा जोर कमी झाला की पुढे रक्त कमी जातं, म्हणून थकवा येतो. मागे ते तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, आणि शरीरात पाणी साठलं की पाय आणि पोट सुजतं.

काहींच्या हृदयाचा जोर ठीक असतो, पण ते ताठर झालेलं असतं. नीट सैल पडत नाही, म्हणून पुरेसं भरत नाही. बीपी आणि शुगर असलेल्या वयस्कर बायांमध्ये हा प्रकार बराच दिसतो. दोन्हींना नाव एकच. जगात ६ कोटींहून जास्त लोक हा आजार घेऊन जगत आहेत.

मग हार्ट अटॅक आणि हे एकच का?

नाही. अटॅकमध्ये हृदयालाच रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते आणि तेवढा स्नायू मरायला लागतो. त्यात तासांचा, कधी मिनिटांचा खेळ असतो. हार्ट फेल्युअर बहुतेकदा हळूहळू येतं. पण नातं आहेच. अटॅक येऊन गेल्यावर हृदयाचा जो भाग मेला, त्याचं काम बाकीच्या भागावर पडतं आणि काही महिन्यांनी, वर्षांनी तो थकतो. म्हणून ‘अटॅक आला होता, आता एकदम बरा आहे’ म्हणणाऱ्यानेही पायावरच्या सुजेकडे लक्ष ठेवावं.

सुरुवातीला ओळखायचं कसं?

बाबांचं सांगते. आधी वावरातून येताना ते बांधावर बसायला लागले. “वय झालं आता,” म्हणाले. मग रात्री उशाला एक उशी पुरेना, दोन झाल्या, नंतर तिसरी. आईला वाटलं मान दुखत असेल. त्यानंतर झोप लागून तासदीड तास होत नाही तोच ते दचकून उठायचे, दार उघडून ओट्यावर जायचे आणि खांबाला धरून श्वास घ्यायचे. दहापंधरा मिनिटांनी बरं वाटायचं. सकाळी कोणाला सांगायचे नाहीत. संध्याकाळी चपला काढल्या की पावलावर पट्ट्याची खोल खूण उमटलेली दिसायची. ती मी पाहिली होती आणि ‘चपला घट्ट झाल्या’ एवढंच म्हणून सोडून दिली होती.

यातली प्रत्येक गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. चालताना दम लागणं, आडवं झाल्यावर दम वाढणं आणि उठून बसल्यावर कमी होणं, झोपेतून धाप लागून जाग येणं, पाय सुजणं, पोट भरल्यासारखं वाटून जेवण न जाणं, रात्री कोरडा खोकला, रात्रीतून लघवीला जास्त वेळा उठणं, आणि काही दिवसांतच वजन वाढणं. एकेकटं काढलं तर प्रत्येकाला वेगळं कारण असू शकतं. दोनतीन एकत्र दिसली की दवाखाना गाठायचा.

सूज घरी बघता येते. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडून तसाच राहिला तर ती पाण्याची सूज. तिची कारणं किडनी, लिव्हर, कमी रक्त अशी आणखीही असतात, म्हणून ही धोक्याची घंटा समजा, निदान नव्हे.

“आमच्या बुढ्याले दमा हाये, त्यानंच दम लागते.” हे दमा आहे की हृदय, कसं कळेल?

घरी खात्रीने कळत नाही, आणि ऐकून सांगणाऱ्यालाही नेहमी कळत नाही. बाबांना गावातल्या एका दवाखान्यात दोन महिने दम्याचा पंप चालला होता. हृदयातून फुप्फुसात पाणी आलं तरी छातीत शिट्टी वाजू शकते. माझा हिशेब असा: आयुष्यात कधी दमा नव्हता आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदा ‘दमा’ निघाला, सोबत पायाला सूज आहे किंवा बीपी-शुगर आहे, तर ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय त्याला दमा म्हणू नये.

अशक्तपणा खूप आहे. एक सलाईन लावून घेतली तर?

नका लावू. या पानावरची दुसरी कोणतीही ओळ विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

आपल्या भागात सलाईन म्हणजे ताकद, असा समज घट्ट बसला आहे. वेचणीच्या दिवसांत बाया थकून येतात आणि स्वतःच म्हणतात, “डॉक्टर, एक बाटली लावून द्या जी.” न लावणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटतो. पण ५०० मिलिलिटरच्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दिवसभराचं मीठ एका बाटलीत. बाकी सगळं पाणी. ज्याच्या अंगात आधीच पाणी तुंबलं आहे, त्याच्या शिरेत आपण आणखी अर्धा लिटर खारं पाणी सोडतो.

बाबांना तशी बाटली लावली गेली. अशक्तपणासाठी. संध्याकाळी सातला ते घरी आले आणि रात्री एकला त्यांच्या तोंडातून गुलाबी फेस येत होता. फुप्फुसात पाणी भरलं की असा फेस येतो. लावणाऱ्याला दोष देऊन मी थांबत नाही. बाटली लावा असा आग्रह आम्हीच धरला होता.

डिहायड्रेशनला, कमी झालेल्या बीपीला सलाईन जीव वाचवते. ती औषध आहे, टॉनिक नाही. पाय सुजलेले असतील, आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर हे आधी सांगा आणि मगच हात पुढे करा.

हे होतं कशामुळे? आमच्या घरी तर कोणी जाडजूड नाही.

सडपातळ माणसालाही होतं. आपल्या देशात तर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतं, म्हणजे ऐन कमावत्या वयात. मोठी कारणं चार: येऊन गेलेला अटॅक किंवा हृदयाच्या नळ्यांतले अडथळे, वर्षानुवर्षं न तपासलेलं बीपी, शुगर, आणि हृदयातली खराब झालेली झडप.

बीपीबद्दल जरा जास्त बोलते, कारण त्याचा त्रासच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून गोळी घेतली जात नाही, आणि हृदय मात्र रोज जास्त दाबाविरुद्ध काम करत राहतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर उपकेंद्रात फुकट तपासली जाते. आशाताई त्याचा फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा त्यांना ‘काई नाई झालं आमाले’ म्हणून वाटेला लावू नका.

झडपेचं कारण गावात आणि गरिबीत जास्त सापडतं. लहानपणी घसा वारंवार सुजला, नीट औषध झालं नाही, मग सांधे सुजून ताप आला. हाच संधिवाताचा ताप पुढे झडपेला धरतो. अशा मुलांना तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ‘आता पोरगी धडधाकट आहे’ म्हणून ते बंद करू नये.

याशिवाय दारू, थायरॉईडचा आजार, कॅन्सरची काही औषधं, एखादा विषाणूचा ताप. रक्त फार कमी असलं तरी हृदयावर ताण येतो, आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे हे ध्यानात ठेवायला हवं. सिकलसेलच्या रुग्णाला दम लागतो तो दर वेळी ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर सोडू नये, एकदा इको करून घ्यावा.

बाळंतपणानंतर दम लागणं साधं असतं ना?

गरोदरपणात थोडा दम लागतो, पावलं सुजतात. बाळंतपणानंतर मात्र ते कमी व्हायला हवं. शेवटच्या महिन्यापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत काही बायांचं हृदय अचानक कमजोर होतं. बाळंतिणीला आडवं झोपवत नसेल, दम आणि सूज वाढत असेल, तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारा लावण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत. वेळेवर औषध मिळालं तर यातल्या बऱ्याच जणींचं हृदय पुन्हा सुधारतं. पुढच्या गरोदरपणाचा विचार मात्र डॉक्टरांना विचारूनच करायचा.

तपासण्या कोणत्या आणि कुठे?

छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्त, किडनी, थायरॉईड आणि सगळ्यात महत्त्वाचा इको. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. टोचाटोची नाही, दुखत नाही. बीएनपी नावाची रक्ततपासणीही असते, ती मोठ्या ठिकाणी होते. ईसीजी आणि एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात होतात. इकोसाठी जिल्ह्याला किंवा मेडिकल कॉलेजला जावं लागतं. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे सरकारी मेडिकल आहेत, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम जवळ पडतं, नागपूरला मेडिकल, त्याचं सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स आहे.

इकोच्या कागदावर ‘ईएफ ३० टक्के’ लिहिलं आहे. म्हणजे ७० टक्के हृदय मेलं?

अजिबात नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की मी आता रिपोर्ट हातात देण्याआधीच सांगते. ईएफ म्हणजे हृदय एका ठोक्यात कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा. निरोगी हृदयही एका ठोक्यात सगळं रक्त बाहेर टाकत नाही. कप्प्यात १०० थेंब असतील तर ५० ते ७० टाकतं, बाकीचे आतच राहतात. तुमचं ३० टाकतं आहे. कमी आहे, औषध लागेल, पण १०० मधून ३० मार्क पडले असा त्याचा अर्थ नाही. ४० किंवा त्याखाली असेल तर जोर कमी झाला असं मानतात. गोळ्यांनी हा आकडा वाढू शकतो. बाबांचा २८ होता, दीड वर्षाने ४१ झाला. आणि ईएफ ५५ आहे म्हणून हार्ट फेल्युअर नाहीच, असंही नसतं. वर ताठर हृदयाचं सांगितलं, ते आठवा.

सूज उतरली, दम गेला. गोळ्या बंद केल्या तर चालतील?

वॉर्डात परत येणाऱ्या रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारते, “गोळ्या कधी सोडल्या?” आणि उत्तर जवळजवळ तेच असतं: बरं वाटलं तेव्हा.

गोळ्या दोन जातींच्या असतात एवढं समजून घेतलं की पुष्कळ गोंधळ मिटतो. लघवीची गोळी साठलेलं पाणी काढते. तिने दोन दिवसांत फरक दिसतो, म्हणून सगळ्यांना तीच खरी वाटते. दुसऱ्या गोळ्या हृदयाला वाचवतात आणि आयुष्य वाढवतात. त्यांचे आज चार गट वापरले जातात, आणि त्यांतला एक मुळात शुगरसाठी निघालेला आहे. म्हणून शुगर नसताना ‘शुगरची गोळी’ का दिली, असं मेडिकलवाल्याने म्हटलं तरी गोंधळू नका. या गोळ्यांनी आज घेतली आणि उद्या हुशारी आली असं होत नाही. काम महिन्यांत होतं, आणि बंद केल्या तर सुधारलेलं हृदयही पुन्हा ढासळतं.

त्रास होऊ शकतो. उठताना चक्कर, एका गोळीने कोरडा खोकला, एकीने पुरुषांच्या छातीला गाठ आल्यासारखं दुखणं, शुगरवाल्या गोळीने लघवीच्या जागी खाज. हे डॉक्टरांना सांगायची लाज धरू नका, बदली गोळी असते. उलट्या-जुलाब लागले किंवा जेवण बंद झालं तर त्याच दिवशी विचारा, कारण तेव्हा काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

मीठ किती? “अळणी जेवण गळ्याखाली उतरत नाही.”

दिवसभराचं मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. यात भाजी, वरण, भाकरीतलं, सगळं आलं. आपली अडचण वाळवणात आहे. पापड, कुरडया, सांडगे, वर वर्षभराचं कैरीचं लोणचं आणि वाटीतला ठेचा. पापडखार आणि खायचा सोडा हेही मिठाचेच भाऊ. चून-भाकर (पिठलं-भाकर) खा, पण चुनात मीठ निम्मं घाला आणि ताटात वरून घ्यायची वाटी ठेवूच नका. लिंबू, लसूण, जिरं, सांबार (कोथिंबीर), आमसूल भरपूर वापरा. तीनेक आठवड्यांत जीभ बदलते. आईने सगळ्या घराचंच मीठ कमी केलं होतं. बाबांचं वेगळं पातेलं ठेवलं असतं तर ते दोन दिवसांत शेजारच्या पातेल्यातलं खायला लागले असते, हे तिला माहीत होतं.

सैंधव हेसुद्धा मीठच आहे. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून विकलं जाणारं मीठ डॉक्टरांना न विचारता आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि या आजारातल्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

पाणी किती प्यायचं? आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं.

सरसकट एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आजार जास्त असेल तर डॉक्टर दीड-दोन लिटरची मर्यादा घालतात. तेवढी बाटली सकाळी भरून ठेवली की हिशेब सोपा जातो. पण चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात घामाने पाणी जात असताना तीच लघवीची गोळी जास्त पडू शकते. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, तोंड कोरडं, लघवी कमी असं झालं तर डोस बदलायला हवा. तो डॉक्टरांनी बदलायचा. उन्हाळा सुरू होताना एकदा मुद्दाम दाखवून या.

सोबत रोज सकाळी वजन. उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. काटा घरी नसेल तर उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत विचारा. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिहायचे, दूधवाल्याचा हिशेब लिहितात तसा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नसतं, पाणी असतं. दम लागायच्या आधी काटा सांगतो.

अंगदुखीची गोळी चालते का?

मेडिकलमधून सुटी मिळणारी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची गोळी शरीरात मीठ-पाणी अडवते आणि किडनीवर ताण आणते. निंदण-वेचणीच्या दिवसांत ती चॉकलेटसारखी खाल्ली जाते. कधीतरी पॅरासिटामॉल घ्या, पण साधी. पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. अर्जुनाच्या सालीचा काढा घेत असाल तर लपवू नका, सांगा. गोळ्यांच्या जागी मात्र तो घेऊ नका.

वावरात काम करता येईल?

सूज-दम आटोक्यात आल्यावर चालणं चांगलंच. चालताना बोलता येतं आहे, तोवर झेपतं आहे. पाठीवर फवारणीचा पंप, पोतं उचलणं, विहिरीतून पाणी ओढणं हे सोडा. दारू पूर्ण बंद, मोहाचीही. खर्रा आणि बिडीही बंद.

खर्च कसा झेपायचा?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. भरती व्हावं लागलं, अँजिओप्लास्टी किंवा झडपेचं ऑपरेशन लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, पैसे भरल्यावर नाही. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

“सिस्टर, खरं सांगा, किती दिवस आहेत?”

हा प्रश्न रुग्णाच्या माघारी, वॉर्डाच्या दारात विचारला जातो. आजार गंभीर आहे आणि औषधाविना तो झपाट्याने ओढत नेतो, हे मी लपवत नाही. दिवस मात्र कोणीच मोजून सांगू शकत नाही. बाबा त्या रात्रीनंतर सात वर्षं होते. दोनदा भरती झाले, दोन्ही वेळा लग्नाच्या जेवणानंतर. आणि रुग्णाला खरं सांगा, एवढं मी आवर्जून म्हणते. आपल्याला काय झालं आहे हेच ज्याला माहीत नाही, तो मीठ का सोडेल आणि वजन का लिहील?

थांबायचं नाही, लगेच निघायचं, असं कधी?

बसल्या जागी दम लागणं, आडवं होताच न येणं, गुलाबी फेस, छातीत दाब किंवा दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ-नखं निळी पडणं, छातीत फडफड होऊन घाम सुटणं. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला निजवू नका. पाय खाली सोडून, पाठीला उशा लावून बसवा, दारं-खिडक्या उघडा, गर्दी हटवा, पाणी पाजू नका. निघताना गोळ्यांची अख्खी पिशवी आणि मागचा इकोचा कागद सोबत घ्या. रात्री दोन वाजता ड्युटीवरचा डॉक्टर तुमच्या माणसाला पहिल्यांदाच बघत असतो.